ज्यानं बांधलं, त्यानंच काढलं

फोन आला तेव्हा मी राजारामपुरीतल्या आमच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये फळ्यावर लिहीत होते. पलीकडे मिलिंदचा धाकटा भाऊ होता. “ताई, दादा गेला,” एवढंच म्हणाला. मी मुलांना सुट्टी दिली आणि गडमुडशिंगीची बस धरली. पोचले तेव्हा अंगणात बुद्धवंदना सुरू झाली होती. जो तो म्हणत होता, सुटला एकदाचा. किडन्या गेल्यावर डायलिसिसनं त्याची काय दशा केली होती, ते त्यांनी जवळून पाहिलेलं. त्यांची चूक नव्हती. पण तो शब्द अजून कानात रुतून बसलाय. इतके आठवडे झाले, मला एकदाही वाटलं नाही की मिलिंद सुटला. तो संपला… आणि मला वाटतं, आजाराच्या आधीच संपला होता.

आम्ही पॉलिटेक्निकपासूनचे मित्र. नव्वदीच्या अखेरीस दोघांनी मिळून हा क्लास काढला. एका मासिकासोबत लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमची सीडी फुकट आली होती, ती त्यानं घातली आणि पुढं कित्येक दिवस त्या काळ्या पडद्यासमोरून हललाच नाही. माउस नाही, चित्रं नाहीत. हुकूम टाइप करायचा आणि मशीननं ऐकायचं. विद्यार्थी नवंनवं सॉफ्टवेअर घालायला उतावीळ असायचे. मिलिंद त्यांना आधी काढायला शिकवायचा. “घालाय काय, कुणालाबी येतंय,” तो म्हणायचा. “काढताना बघायचं, त्याच्या आधारावर आणि कोण उभं हाय. नुसती फाइल उडवली की झालं न्हाय. दुसरं काय न मोडता निघालं, तर ते काढणं.” मुलं हसायची. त्याला फरक पडायचा नाही. एखादं पॅकेज, म्हणजे सॉफ्टवेअरचा एक बांधलेला गठ्ठा, काढल्यावर त्याच्या सेटिंगची बारकीशी फाइल मागं राहिली, तरी तो ती हुडकून काढायचा.

शाहूपुरीतल्या एका जुन्या वाचनालयाचं काम त्यानं आपणहून अंगावर घेतलं. शाळेत असताना गावाहून येऊन तो तिथं वाचत बसायचा. पुस्तकांची यादी कॉम्प्युटरवर हवी, आणि तीही मराठीत, हा त्याचा हट्ट. तेव्हा पडद्यावर मराठी अक्षर उमटवणं हीच एक लढाई होती. वेलांटी एकीकडे, अक्षर दुसरीकडे. फॉन्ट, शोधायचा प्रोग्रॅम, सगळं त्यानं स्वतः लिहिलं, नीट पॅकेज करून बसवलं. मग कपाटामागून कपाट रिकामं करत एकेका पुस्तकाची नोंद टाइप केली. काही वर्षं त्याचे रविवार त्यातच गेले. लग्नाचं विचारलं की म्हणायचा, “आदी हे कपाट हूं दे.” काम पुरं झालं त्या दिवशी एका निवृत्त मास्तरांनी एका बोटानं पुस्तकाचं अर्धंच नाव टाइप केलं आणि पडद्यावर कपाट, खण, सगळं आलं. मास्तर खूश होऊन ओरडले, “अरं, हे तर बोलतंय की!” मिलिंद त्या दिवशी जसा हसला, तसा मी त्याला पुन्हा कधी पाहिला नाही.

मग वाचनालयाचं मंडळ बदललं. कुणा दात्यानं नवी यंत्रणा दिली, सोबत त्याच कंपनीचं सॉफ्टवेअर. जुनं काढा, असं ठरलं. नुसती डिस्क पुसता येत नव्हती, कारण सभासदांच्या वर्गणीचा प्रोग्रॅम त्याच जुन्या मशीनवर, मिलिंदच्याच डेटाबेसच्या आधारानं चालत होता आणि तो आणखी काही महिने लागणार होता. म्हणून निरोप मिलिंदलाच आला. माझं डोकं फिरलं. “कशाला जातोस? त्यांचं त्यांना काढू दे. मोडलं तर मोडू दे की!”

“वर्गणी भरणाऱ्यांनी काय केलंय?” तो म्हणाला. “आणि दुसऱ्यानं वरबाडून काढण्यापेक्षा मी काढतो.”

मी सोबत गेले. आधी त्यानं सगळ्या यादीची सीडी करून कार्यवाहांच्या हातात दिली. मग एकेक पॅकेजवर कोण कोण अवलंबून आहे ते तपासलं, वर्गणीला लागणारं बाजूला राखलं आणि काढायचा हुकूम टाइप केला. मशीननं काय काय जाणार ते दाखवलं आणि विचारलं, पुढं जाऊ? त्याची बोटं थांबली. कार्यवाह मागून म्हणाले, “झालं का हो?” मिलिंदनं होकाराचं बटण दाबलं. पडद्यावर ओळी सरकत गेल्या. आधी शोधायचा प्रोग्रॅम, मग फॉन्ट, मग यादी… त्यानं वर्गणीचा प्रोग्रॅम उघडून पाहिला. व्यवस्थित चालत होता. “झालं साहेब,” म्हणाला. “काय मोडलं न्हाय.” जिन्यात मात्र कठडा धरून खूप वेळ उभा राहिला.

नव्या सॉफ्टवेअरला ती सीडी वाचताच आली नाही. अक्षरांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं. मिलिंद म्हणाला, मी रूपांतर करून देतो, मला फक्त बसू द्या. कुणी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. त्याच सुमारास पाय सुजायला लागले, आणि मग दवाखाना सुटलाच नाही. भेटायला गेले की पहिला प्रश्न, “वाचनालयातनं कुणी फोन केलता काय?” मी नाही म्हणायची. शेवटी शेवटी त्यानं विचारणं सोडलं. तो गेल्यावर मी ती सीडी मागायला गेले, तर कळलं, रंगकामाच्या वेळी कपाट रिकामं केलं तेव्हा कुठंतरी गेली. त्याच्याकडे दुसरी प्रत नव्हती. वाचनालयाची वस्तू घरी ठेवायची नाही, हे त्याचं तत्त्व.

मागच्या रविवारी गडमुडशिंगीला गेले होते. मिलिंदची आई त्याच्या खोलीत कॉम्प्युटरसमोर बसली होती. रोज सकाळी ती पदरानं तो पुसते आणि बटण दाबते, असं त्याचा भाऊ म्हणाला. मावशींना अक्षर येत नाही. काळ्या पडद्यावर एक ओळ उमटली आणि शेजारी ती पांढरी रेघ लुकलुकू लागली.

“रोज एवढंच येतंय,” मावशी म्हणाल्या. “काय इचारतंय गं ते?”

“नाव विचारतंय, मावशी.”

“मग सांग की त्याला.”

मी मिलिंदचं नाव टाइप केलं. दुसरी ओळ आली.

“आता गं?”

“आता पासवर्ड मागतंय. तो मिलिंदलाच ठाऊक होता.”

दुसऱ्या वाटेनं आत शिरता येतं. मला येतं ते, त्यानंच शिकवलेलं. मी कीबोर्डवरचे हात मांडीवर घेतले. मावशींनी पडद्यावरून पुन्हा एकदा पदर फिरवला.

“ऱ्हाऊ दे तसंच,” म्हणाल्या. “च्या टाकतो.”