दाजींचा बसलेला आवाज

अख्ख्या मराठवाड्यात आमच्या दाजींइतकं गाणं, आणि तेही एकाच कानानं, कुणी ऐकलेलं नाही, असं मी नांदेडात कुणालाही छाती ठोकून सांगतो. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. औशाला त्यांचं भांड्यांचं दुकान आहे. लहानपणी कान फुटला, त्यात कुणीतरी शहाण्यानं कसलंसं कढत तेल ओतलं आणि डावा कान कायमचा गेला. तेव्हापासून जगाला त्यांच्याशी उजव्या बाजूनंच बोलावं लागतं. डावीकडे बसून बोलणाऱ्याला उत्तर मिळत नाही, आणि नवख्या माणसाला वाटतं की हे माजोरी आहेत. पण उरलेल्या कानाची करामत अशी की दाजी दुकानाच्या मागच्या खोलीत हिशेबाला बसलेले असावेत, पुढं गिऱ्हाइकानं घागरीला टिचकी मारावी आणि आतून आवाज यावा, "ती ठिवा बाजूला. तिच्या काठाला चीर हाय." चीर डोळ्यांना दिसत नसते. घागर उन्हात नेऊन फिरवून फिरवून पाहिली की केसाएवढी रेघ सापडते. औशात या गोष्टीचं आता कुणाला नवलही वाटत नाही.

या कानाला स्टिरिओचं वेड लागलं ते माझ्यामुळे. काही वर्षांपूर्वी दाजी एका लग्नासाठी नांदेडला आले होते. दुपारचा वेळ होता म्हणून मी त्यांना माझ्या ओळखीच्या एका निवृत्त प्राध्यापकांकडे घेऊन गेलो. प्राध्यापकांच्या बैठकीत दोन लाकडी स्पीकर आणि त्यांच्यासमोर मधोमध एक खुर्ची, एवढंच सामान. त्यांनी एक जुनी गझल लावली, डोळे मिटले आणि दोन स्पीकरांच्या मधल्या रिकाम्या जागेकडे बोट केलं. "गवई इथं बसलाय बघा." मी खुर्चीत बसलो. खोटं कशाला सांगू, अंगावर काटा आला. समोरच्या सतरंजीवर, जिथं काहीच नव्हतं, तिथं एक माणूस मांडी घालून गात होता. मग दाजी बसले. त्यांनी मान इकडे वळवली, तिकडे वळवली, पुढे वाकले, मागे रेलले. शेवटी म्हणाले, "मला तर सगळं उजवीकडंच हाय." प्राध्यापकांनी समजावून सांगितलं की याला दोन्ही कान लागतात. मी दाजींना बस स्टँडवर सोडायला गेलो. लातूरची गाडी लागली तेव्हा पायरीवर एक पाय ठेवून म्हणाले, "पाव्हणं, माझ्या नशिबात न्हाई तर न्हाई. पण तो गवई माझ्या घरात बसला पाह्यजे. तुमच्या अक्काला तरी दिसला पाह्यजे." आणि गाडीत चढले.

त्या दिवसापासून दाजींनी ज्या चिकाटीनं हे काम केलं, त्या चिकाटीनं कुणी घरंही बांधत नाही. नवीन वस्तू घ्यायची नाही आणि जुनी विकल्याशिवाय दुसरी आणायची नाही, हा व्यापाऱ्याचा नेम. मग कुठं कुणाचा मुलगा परदेशी गेला, कुठं कुणाच्या सुनेला बैठकीतलं स्टिरिओचं धूड नको झालं, याची खबर दाजींना त्यांच्या नातेवाइकांच्या आधी लागायची. उदगीर, बिलोली, नांदेड, जिथून म्हणून निरोप येई तिथं कपाळावरची विभूती वाळायच्या आत दाजी एसटीत. येताना मांडीवर सतरंजीत गुंडाळलेला ॲम्प्लिफायर. एकदा कंडक्टर म्हणाला, "मामा, लेकराचं अर्धं तिकीट काढा की." दाजी शांतपणे म्हणाले, "काढतो. पण त्याला खिडकी द्या, त्याला गरम हून राहिलंय." ॲम्प्लिफायर तापतो, त्याला हवा लागते, हे ते मनापासून सांगत होते. अख्खी गाडी हसली तरी त्यांना त्यात गंमत कसली ते कळलं नाही.

मग घरची बैठक बदलली. कपाटाची काच थरथरते म्हणून कपाट गेलं. भिंतीवरून आवाज उलटून येतो म्हणून भिंतींना वाकळा टांगल्या, आणि पहिल्यांदा येणाऱ्याला वाटायचं की घरात कुणीतरी आजारी आहे. स्पीकर जमिनीला चिकटून चालत नाहीत, त्यांना जड दगडाचा आधार लागतो, असं त्यांनी कुठंतरी ऐकलं आणि एका स्पीकरखाली जात्याची तळी, दुसऱ्याखाली अक्काचा पाटा गेला. अक्का पाट्यावरची चटणी अशी करायची की नुसत्या चटणीवर माणूस दोन भाकरी जादा खाईल. ती चटणी गेली ती गेलीच. त्या दिवशी अक्का म्हणाली, "तुमच्या त्या खुर्चीत मी मेल्याबिगर बसायची न्हाई." आणि खरंच, जिच्यासाठी हा सगळा खटाटोप, ती सोडून औशातली निम्मी वस्ती त्या खुर्चीत बसून गेली.

मधे एक होम थिएटरचं प्रकरणही झालं. पाच स्पीकर, दोन पुढं, एक मधे, दोन मागं. आमची आई तेव्हा अक्काकडे राहायला होती. सिनेमात दार करकरलं ते नेमकं मागच्या स्पीकरमधून. आई "आले, आले" म्हणत उठली आणि परसदार उघडून अंगणात बघत उभी राहिली. असं दोनदा झालं. तिसऱ्यांदा खरोखरच शेजारीण दारात आली, कडी वाजवून वाजवून दमली, पण आई हलली नाही. "ते शिनेमातलं हाय," म्हणाली. दुसऱ्याच आठवड्यात मागचे दोन आणि मधला एक असे तिघं विकले गेले. "पाच तोंडं झाली की ऐकायचं कुणाचं?" असा दाजींचा निकाल पडला आणि पुढचे दोन मोठे स्पीकर तेवढे दगडांवर राहिले.

हे दोन मोठे स्पीकर ज्या दिवशी पहिल्यांदा आले, त्या दिवशी दाजींचा फोन आला होता. "पाव्हणं, आवाज बसला!" मी काळजीनं म्हणालो, "मीठ-हळदीच्या गुळण्या करा, थंड काही पिऊ नका." मग कळलं, आवाज बसला म्हणजे गवई मधोमध बसला. शेजारच्या मास्तरांना खुर्चीत बसवून दाजींनी विचारलं होतं, आवाज कुठं बसलाय ते बोटानं दाखवा, आणि मास्तरांनी बरोबर मधे दाखवलं होतं. दाजींना स्वतःला ते कळायचा मार्गच नव्हता. त्यांची सगळी भिस्त दुसऱ्याच्या बोटावर.

आठवडाभरानं मी गेलो. खुर्चीत बसलो, डोळे मिटले. मधे कुणी नव्हतं. आवाज भिंतीभर पसरलेला, माणूस कुठंच नाही. मी डोळे उघडले तर दाजी समोर वाकून माझ्या तोंडाकडे बघत होते. निकालाच्या दिवशी बाप पोराच्या तोंडाकडे बघतो तसे. आतून भज्यांचा वास येत होता. मी बोट उचललं आणि मधे दाखवलं. प्राध्यापकांकडे खरा गवई बघितलेला मी एकटाच माणूस, आणि मीच खोटं बोललो. दाजी इतके खूश झाले की भज्यांचं दुसरं ताट आलं.

पुढची दोन वर्षं दाजी एकच तक्रार करत राहिले, "सगळं बेस हाय, पण आवाजाला पोट न्हाई." ढोलकी वाजायची, तिचा धुम यायचा नाही. मग ॲम्प्लिफायर बदलला. परत बदलला. तारा जाड केल्या. प्रत्येक बदलानंतर कुणाला तरी खुर्चीत बसवायचं आणि त्या माणसानं भज्यांकडे बघत मधे बोट दाखवायचं. गेल्या उन्हाळ्यात दाजींनी ठरवलं की आता आवाजाला पोट द्यायला तिसरा एक मोठा स्पीकरचा डबा आणायचा, आणि तो ठेवायचा अक्काची शिलाई मशीन आहे तिथं.

मी त्या सकाळी तिथंच होतो. अक्का पोळपाट-लाटणं सोडून बाहेर आली, हात पुसले आणि म्हणाली, "माझी मशीन हलवायच्या आधी मला ऐकू द्या. बगू तरी काय हाय ते." आणि खुर्चीत बसली. दाजींनी प्राध्यापकांकडची तीच गझल लावली. अक्कानं डोळे मिटून निम्मी गझल ऐकली आणि म्हणाली, "कुठंय तुमचा गवई? माणूस न्हाई हो ह्यात. नुसता आवाज भिंतीवर सांडलाय."

दाजी माझ्याकडे वळले. "पाव्हणं, तुम्ही तर मधी दाखवलं होतं?"

मला आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नाही. मी म्हणालो, "न्हाई दाजी. मला बी दिसला नव्हता. तुमच्या तोंडाकडं बगून बोललो."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी गाणं बंद केलं आणि खाली बसले. "मंग सगळेच तसं बोलले असतील," एवढंच म्हणाले. मग अक्काच त्यांच्या उजव्या बाजूला जाऊन म्हणाली, "शंभर घागरीत फुटकी वळखता तुम्ही. इथं तर दोनच हायत. वाजवून बगा की एकेक."

दाजी उठले. डावा स्पीकर एकटा लावला. कान लावून ऐकला. ढोलकीला पोट होतं. उजवा एकटा लावला. पोट होतं. दोन्ही लावले, पोट गायब. पुन्हा एक, पुन्हा दोन. त्यांचा चेहरा हळूहळू दुकानातला झाला. "एकेकटे साफ बोलतेत," ते पुटपुटले, "दोघं मिळूनच भांडून राहिलेत." मग मी आणि त्यांनी मिळून पाट्यावरचा तो जड स्पीकर भिंतीपासून ओढला. पाठीमागे लाल तार काळ्या खुंटीत होती आणि काळी तार लालमध्ये. पहिल्या दिवशी त्यांनी स्वतःच लावलेली. पुढं ॲम्प्लिफायर बदलले, तारा बदलल्या, पण त्या अंधाऱ्या कोपऱ्यात जुनी खूण बघून नवी तारही तशीच उलटी जोडली गेली. एक स्पीकर हवा पुढे ढकलायचा तेव्हा दुसरा मागे ओढायचा, आणि त्या ओढाताणीत आवाजाचं पोटही जायचं आणि मधला गवईही. दोन्ही कान शाबूत असलेल्या एका जरी माणसानं खरं सांगितलं असतं, तर दोन वर्षांपूर्वीच सापडली असती ती चूक. ती शेवटी शोधली एका कानानं.

तारा अदलाबदल करून दाजींनी गाणं लावलं. ढोलकीचा पहिला धुम आला आणि दाजींच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. तेवढं त्यांनाही ऐकू येत होतं. अक्का डोळे मिटून बसली होती. तिला कुणी बोट दाखवायला सांगितलं नाही आणि तिनं दाखवलंही नाही. गवयानं पहिली ओळ उचलली तशी अक्का सावरून बसली आणि डोक्यावरचा पदर पुढं ओढून घेतला, घरात परका पुरुष समोर येऊन बसल्यावर ओढतात तसा.

दाजींनी ते पाहिलं. मला म्हणाले, "बसला, पाव्हणं."

मला माझ्या दाजींचा फार अभिमान वाटतो. भेटेल त्याला मी हे सांगतो आणि सांगताना माझ्या खोट्या बोटाची गोष्टही लपवत नाही. तिसरा डबा आला नाही, मशीन जागची हलली नाही, आणि दाजींचं एसटीनं फिरणंही थांबलं. आता मी औशाला गेलो की अक्का खुर्चीत असते आणि दाजी तिच्या शेजारी वेताच्या बुटक्या मोड्यावर, चांगला कान तिच्याकडे करून. गाणं चालू असतं आणि अक्का त्यांना सांगत असते, "सारंगीवाला माझ्या डावीकडं बसलाय, थोडा मागं. आता हसला बगा गवई. आता तुमच्याकडं वळला." दाजी विचारतात, "हाव? माझ्याकडं?" ती म्हणते, "हाव, तुमच्याकडंच." आणि अक्काचं बोलणं नीट ऐकू यावं म्हणून दाजी हात पुढे करून गाण्याचा आवाज जरा कमी करतात.