पिवळ्या पडलेल्या चादरी

सकाळपासून ऊन असं लख्ख पडलं होतं, की रस्त्यावरच्या गाड्यांच्या टपांकडे बघवत नव्हतं. ताई मात्र मागच्या खोलीत दार लावून बसलेली. करड्या भिंती, समोर स्क्रीन आणि हाताखाली उशीएवढं यंत्र. त्यावर तीन गोळे: एक सावल्यांचा, एक मधल्या उजेडाचा, एक झगझगीत भागाचा. गोळा तळव्याखाली जरासा फिरवला, की चित्रातल्या माणसाच्या गालावर रक्त चढतं.

उभी हयात तिनं लग्नांच्या व्हिडिओंचे रंग सुधारले. गिऱ्हाईक म्हणायचं, "ताई, नवरीला जरा उजळा."

"आणि नवऱ्याला?"

"राहू द्या, तो हाताबाहेर गेलाय."

आत्ता कुठे खरा सिनेमा हाती आला होता. दोन बहिणींच्या लॉन्ड्रीवरचा. तेवढ्यात दिग्दर्शकाचा फोन आला.

"ताई, काल पाठवलेलं बघितलं. अहो, लॉन्ड्रीवरची फिल्म आणि चादरी पिवळ्या? बहिणी तर काविळीतून उठल्यासारख्या दिसतायत! संध्याकाळपर्यंत नाही जमलं, तर मी दुसऱ्याकडे देतो."

"जमेल," ताई म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

तिच्या स्क्रीनवर चादरी पांढऱ्याशुभ्र होत्या. तिनं स्क्रीन तपासली, वायरी तपासल्या. शेवटी कोरा करडा पुठ्ठा स्क्रीनशेजारी धरला. पुठ्ठा पिवळट दिसला. ताईनं मान वळवली. खिडकीला हळदीच्या रंगाचा नवाकोरा पडदा. दिवसभर त्या उजेडात डोळे मुरलेले, म्हणून स्क्रीन निळसर वाटायची आणि ताई प्रत्येक दृश्यात पिवळा ओतत बसायची.

"आई, हा पडदा?" तिनं दार उघडून विचारलं.

"मी शिवला," सासूबाई दारातून म्हणाल्या. "सोमवारीच लावला, तुझं लक्षच नाही. तो जुना करडा कसा सुतकी दिसायचा."

"कुठंय तो जुना?"

"त्याची फडकी केली."

ताईनं कपाळाला हात लावला. मग स्टुलावर चढून पडदा काढला. सासूबाईंचं तोंड एवढंसं झालं.

"आई, रुसा नंतर. आधी रद्दी आणा. फक्त काळी-पांढरी पानं."

सासूबाई पानं निवडायला बसल्या. "ही लाल कोटातली बाई चालेल?"

"नाही."

"चांगली दिसतेय गं."

"तेच तर नको!"

खिडकी रद्दीनं बुजवली. ताई डोळे मिटून बसून राहिली, डोळ्यांतला पिवळा उतरेपर्यंत. सगळ्या दृश्यांतून सारखाच पिवळा काढून भागणार नव्हतं. पडद्यातून सकाळी वेगळा उजेड यायचा, दुपारी वेगळा, त्यामुळे प्रत्येक दृश्यात तिचा हात कमी-जास्त चुकलेला. ती पहिल्यापासून सुरू झाली. चादर पांढरी झाली, की बहिणींचे चेहरे. चेहरे बसले, की पुढचं दृश्य. जेवणाची हाक आली. "नंतर." पुन्हा आली. "नंतर म्हटलं ना!" मनगट ठणकायला लागलं तेव्हा तिनं हात बदलला, आणि डावा हात चुकतोय म्हटल्यावर पुन्हा उजवाच गोळ्यावर ठेवला.

उन्हं कलली तेव्हा तिनं फाईल पाठवली आणि फोनकडे बघत बसली.

"ताई," दिग्दर्शक म्हणाला, "चादरी धुऊन निघाल्या. थोरल्या बहिणीच्या हातांवरच्या शिरासुद्धा दिसतायत. हे आधी का नाही केलंत?"

"माझं चुकलं. पुढचा भाग कधी देतोस?"

"उद्या सकाळी."

ताईनं मशीन बंद केलं, मनगट चोळत स्वयंपाकघरात गेली आणि तांदूळ धुवायला घेतले.