फ्लॉरेन्स पाहिलेला शिपाई

ठाण्याच्या शाळेत मी इतिहास शिकवायचो, तेव्हाचा आमचा शिपाई. बाळकुमहून रोज चालत यायचा. वर्गात शिरताना चपला दाराबाहेर काढायचा. तो दुसऱ्या महायुद्धात पलटणीबरोबर इटलीपर्यंत जाऊन आलाय, हे मला ठाऊक नव्हतं.

एकदा मी इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरातल्या चर्चच्या मोठ्या घुमटाविषयी शिकवत असताना तो नोटिशीची वही घेऊन आला. सही होईपर्यंत ऐकत राहिला आणि म्हणाला, "मास्तर, त्या घुमटाला दोन भिंती आहेत. मधून जिना जातो. तिथल्या एका म्हाताऱ्या मास्तरानं आम्हा पलटणवाल्यांना सगळं शहर पायी हिंडवून दाखवलं होतं."

वर्ग हसला. मीही हसलो. म्हणालो, "सही झालीय, जा आता."

पुढे सुट्टीत वाचनालयात एका पुस्तकात मला त्या घुमटाचं चित्र सापडलं. भिंती दोन होत्या, मधे जिना होता.

शाळा उघडताच मी त्याला गाठलं. "उद्या वर्गात येऊन मुलांना ते शहर सांगाल का?"

"नको मास्तर," तो खाली बघत म्हणाला. "त्या दिवशी सांगावंसं वाटलं होतं."

तेव्हा तरी मी माफी मागायला हवी होती. मी नुसतं "बरं" म्हणालो आणि वर्गावर गेलो.