खाडीतलं बेट आणि माझ्या बापाची पाठ

आमच्या घरात मीठ कधी विकत आणलं नाही, एवढीच काय ती श्रीमंती. बाकी सगळं उसनं. बा आणि आय दोघं पेणकडच्या मिठागरात कामाला होते. मिठात उभं राहून पायाच्या बोटांमधली कातडी फाटायची, तिला आय खोबरेल लावायची. खोबरेल नसलं की तव्यात तळलेल्या माशाचं उरलेलं तेल. मी मामाकडे रामवाडीला शाळेत होते, तेव्हा ते मिठागर बंद पडलं. मालकाने सांगितलं, उद्यापासून येऊ नका. आय-बा बोचकं घेऊन आमच्या मूळ गावी परत आले. गाव रोह्याच्या खाली, कुंडलिकेच्या खाडीकाठी. शेत नव्हतं. बाची एक जुनी होडी होती, तीही गळकी.

गावासमोर खाडीत एक बेट आहे. आमच्यासाठी ते नुसतं ‘पलाड’, म्हणजे पलीकडचं, होतं. बायका ओहोटीला पलाडी जाऊन कालवं फोडायच्या, चिंबोऱ्या पकडायच्या. मधोमध गोड्या पाण्याची बाव, म्हणजे विहीर. चारी बाजूंनी खारं पाणी आणि आत शहाळ्यासारखं गोड. हे कसं, ते मला पुढे कॉलेजात कळलं. गावात त्याला देवीची कृपा म्हणायचे, आणि मला आजही ते स्पष्टीकरण कमी वाटत नाही. बेटाभोवती तिवरांचं रान, त्यांची मुळं चिखलातून बोटांसारखी वर आलेली. हिवाळ्यात रोहित पक्षी यायचे. संध्याकाळी कोल्हे काठावर येऊन खेकडे उकरायचे.

हे सगळं बघायला लोक पैसे देऊन येतील, असं आमच्या गावात कुणाला वाटलं नव्हतं. रोह्याच्या एका शेठला वाटलं. त्याने बेटाची वरची बाजू घेतली, माडाच्या झापांच्या झोपड्या बांधल्या, आत संडास आणि आरसे बसवले, आणि ‘स्वर्गबेट’ अशी पाटी लावली. मुंबई-पुण्याची माणसं येऊ लागली. आम्ही जे निवटे मासे कालवणात टाकतो, ते चिखलात उड्या मारताना बघून ती टाळ्या वाजवायची.

आता भरतीला होडी थेट काठाला लागते. ओहोटीला मात्र मध्ये चिखल उघडा पडतो, मांडीएवढा. पाहुण्यांना चिखलात कसं उतरवणार? धक्का बांधायला खर्च. शेठला त्यापेक्षा स्वस्त वस्तू सापडली होती. माझा बा. तो चिखलात उभा राहून होडीकडे पाठ करायचा, पाहुणा पाठीवर बसायचा, आणि बा त्याला कोरड्यात नेऊन ठेवायचा.

मला हे माहीत होतं. पण घरी कुणी बोलत नसे. बा घरी यायचा तो अंग धुऊनच.

पेणच्या कॉलेजात मी वनस्पतीशास्त्र घेतलं होतं. आमच्या घराण्यात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली. सर तिवरं दाखवायला सहल काढणार होते, तेव्हा मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, “सर, आमच्या गावासमोरच बेट आहे.” भरतीची वेळ मीच काढून दिली होती. दुपारी पोचायचं, होडी काठाला लागेल, कुणाला कुणाच्या पाठीवर बसायला लागणार नाही. पण नागोठण्याच्या अलीकडे गाडी पंक्चर झाली. आम्ही पोचलो तेव्हा पाणी उतरलं होतं.

होडी चिखलात रुतली. समोर बा उभा होता, हाफपँटीत, डोक्याला फडकं. त्याने मला बघितलं. मग मान अशी वळवली, जशी मी परकी पोर. माझी अब्रू राखायला त्याने मला ओळखच दिली नाही.

शेठ काठावर खुर्ची टाकून बसला होता. ओरडला, “या या सर! बिनधास्त बसा. हा आमचा घोडा. आजवर पाय घसरला नाही याचा.”

सर संकोचले, पण बसले. मग मुली. एक मैत्रीण हसत हसत म्हणाली, “अय्या, घोड्याचं नाव काय?”

“घोड्याला कशाला नाव?” शेठ म्हणाला.

माझी पाळी आली. बाने पाठ वळवली. त्याच्या पाठीवर दुसऱ्यांच्या बुटांचा चिखल होता. मी चपला हातात घेतल्या आणि चिखलात उडी टाकली. कंबरेपर्यंत भरले. चालत काठावर गेले, शेठच्या खुर्चीसमोर.

“घोडा नाय तो,” मी म्हणाले. “माझा बाप हाय.”

शेठने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि खदखदून हसला. “मग तू शिंगरू! तरीच म्हटलं, चिखलात बरं धावतंय.”

वर्ग हसला. सगळा नाही, पण हसला. सरसुद्धा ओठ दाबून दुसरीकडे बघत होते. त्या दिवशी सरांनी तिवराच्या मुळांबद्दल काय शिकवलं, त्यातलं एक अक्षर मी वहीत घेतलं नाही. मी शेठचा चेहरा पाठ केला.

घरी गेल्यावर बा म्हणाला, “कशाला बोललीस गो? आपलं पोट हाय त्याच्यावर.”

“पोट भरलं की बघते त्याच्याकडं,” मी म्हणाले.

आय चुलीपाशी होती. ती म्हणाली, “बघायचंच तर नीट बघ. अर्धवट काय करू नको.” माझ्या आयला लिहिता वाचता येत नव्हतं, पण पदवीसाठी याच्यापेक्षा चांगला आशीर्वाद मला कुणी दिला नाही.

पदवी मिळाली. धाटावला एका कंपनीच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली. पहिला पगार हातात आल्यावर मी बाला सांगितलं, उद्यापासून पाठ द्यायची नाही. तो थांबला. शेठने दुसरी माणसं आणली, आमच्याच गावातली. शिवाय काठाला तारेचं कुंपण घातलं. कालवं फोडायला गेलेल्या बायकांना रखवालदाराने हाकललं. म्हणे, पाहुण्यांना वास येतो. ज्या काठावर आमच्या आज्या-पणज्यांचे पाय रुतले, तिथे आम्ही घाण झालो.

मग शेठने ती चूक केली, जी खाडीकाठचा माणूस झोपेतसुद्धा करणार नाही. पाहुण्यांना समुद्रकिनारा हवा होता. त्याने पश्चिमेची तिवरं कापली आणि तिथे कुठून तरी आणून वाळू पसरली. तिवरं म्हणजे बांधाची ढाल. ती गेली की लाट सरळ बांधावर.

आणि बांधाची आमच्याकडे एक रीत आहे. बेटाला मातीचा जुना बांध आहे, त्याच्यामुळे खारं पाणी बावेत शिरत नाही. होळी झाली की गाव तो दुरुस्त करायला जातं, घरटी एक माणूस. खांड पडली, म्हणजे बांध फुटला, तरी तसंच. घरटी एक माणूस, रांगेत उभं राहून चिखलाची ढेपळं हातोहात द्यायची. ज्याच्या घरचा माणूस येत नाही, त्याच्या वाट्याच्या बांधाला गाव हात लावत नाही. शेठने बेट घेतल्यापासून एकदाही माणूस पाठवला नव्हता. तरी गाव भिडेपोटी त्याचाही बांध बांधून यायचं.

त्या वर्षी होळीनंतर देवळासमोर बैठक बसली. सहसा बायका बोलत नाहीत. मी उभी राहिले.

“तो माणूस पाठवत नाय, तर आपण त्याचा बांध का बांधायचा?”

म्हातारे म्होरके, जे बांधाचं काम वाटून द्यायचे, ते म्हणाले, “जाऊ दे पोरी. मोठा माणूस हाय.”

“रीत मोठ्या माणसाला नाय का? तसं असंल तर सांगा, उद्यापासून आमच्या घरचापण माणूस येणार नाय.”

शेजारची काकी मागून म्हणाली, “खरं बोलतेय ती. आमचा वास येतो म्हणून हाकलतो, आन आमच्याच हातचा चिखल चालतो व्हय?”

ठरलं. म्होरके स्वतः बेटावर जाऊन शेठला सांगून आले, फसवून काही केलं नाही. शेठ म्हणाला, “बांधाल, बांधाल. जाल कुठे?”

मी रोज धाटावला जाताना खाडीकडे बघायचे. बांध कुठे झिजतोय, ते मला काठावरून दिसत होतं. मी कुणाला बोलले नाही. ते बघून माझ्या मनाला गारवा मिळायचा. तो मी लपवणार नाही.

श्रावणाच्या अमावास्येचं उधाण आलं. भर दुपारी बेटाच्या पश्चिमेला खांड पडली. झोपड्यांत पाणी शिरलं, आरसे आणि संडास खारे झाले. पाहुण्यांना मिळेल त्या होडीने बाहेर काढलं. त्यांना आणायला आमचीच माणसं गेली. माझं वैर पाहुण्यांशी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या ओहोटीला शेठची मशीनची बोट आमच्या काठाकडे आली. गाव काठावर उभं होतं. मी कामावर दांडी मारली होती. बोट चिखलात रुतली. शेठने सवयीने बोटीच्या काठावर बसून दोन्ही पाय वर उचलले, आणि वाट बघत राहिला. कुणाच्या तरी पाठीची.

कुणी हललं नाही. निवटे तेवढे इकडून तिकडे उड्या मारत होते.

“अरे, कुणी आहे का?” शेठ ओरडला.

बा पुढे झाला. मी त्याचा हात धरला.

“बा, नाय.”

“पोरी, म्हातारा झालाय तो. माणूस हाय.”

“आपण कोन होतो?”

बाने माझ्याकडे पाहिलं. मग हात सोडवून न घेता तो तिथेच उभा राहिला. माझ्या आयुष्यात मला मिळालेलं सगळ्यात मोठं बक्षीस ते.

शेठ खाली उतरला. मांडीपर्यंत गेला. एक बूट आत राहिला, तो काढायला वाकला तर हात गेले. काकी म्हणाली, “हळू हो शेठ! शिकाऊ घोडं दिसतंय!” अख्खा काठ हसला. मीही हसले, मोठ्याने, त्याला ऐकू जाईल असं.

वर आला तेव्हा तो ओळखू येत नव्हता. म्होरक्यांना म्हणाला, “बांध बांधा. हवी तेवढी मजुरी घ्या. आणखी एक भरती आत आली तर बाव खारी होईल.”

म्होरक्यांनी माझ्याकडे बोट केलं. “तिला विचारा.”

“मजुरी नको,” मी म्हणाले. “काठावरची तार आज निघंल. पाहुणे गावाच्या होडीतून जातील. कुणी कुणाच्या पाठीवर बसणार नाय, बेटाला दगडी धक्का होईल, आन त्याला जागा तुम्ही सोडायची. आन रीत तीच. घरटी माणूस. तुमच्या घरचा माणूस तुम्ही. रांगेत उभं राहायचं.”

“तू कोण मला सांगणारी?”

“शिंगरू,” मी म्हणाले.

त्याला आठवलं की नाही, देव जाणे. पाणी मात्र वळायला लागलं होतं, आणि ते त्यालाही दिसत होतं. सगळ्या गावासमोर त्याने ‘हो’ म्हटलं. नुसती मान हलवली होती, ती मी चालू दिली नाही. तोंडाने म्हणवून घेतलं.

मग गाव पलाडी जाऊन कामाला लागलं. शेठ माझ्या आणि बाच्या मध्ये उभा होता. मी ढेपळ द्यायचे, तो घ्यायचा, बाला द्यायचा. बा त्याला दर वेळी हलकं ढेपळ मिळावं म्हणून मला खुणा करत होता. मी मोठीच दिली. बांध भरतीच्या आधी बंद झाला. बाव थोडी मचूळ झाली होती, पावसाच्या पाण्याने पुढे निवळली.

लोक मला म्हणतात, शिकलीसवरलीस, एवढं मनात धरू नये. मी शिकले म्हणूनच धरलं. न शिकलेल्या माझ्या बाने तर त्याला कधीच माफ करून टाकलं होतं. पुढे शेठ खोकल्याने खंगला, बेटाचा त्याचा भाग विकून रोह्यात मुलाकडे राहायला गेला. बा त्याला बघून आला. मी गेले नाही. आजही गेले नसते.

पश्चिमेला आम्ही तिवरं पुन्हा लावली. रोपं मी निवडली, लावली गावाने. आता बेटावर पाहुणे येतात, रोहित पक्षी बघतात, बावेचं पाणी पितात. त्यांना बेट दाखवण्याचं काम गावातल्या बायका करतात. होड्या गावाच्या आहेत. धक्का दगडी आहे, आणि प्रत्येक माणूस आपल्या पायांनी चढून वर जातो.