आईला विचारायचं राहिलं

मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाची परीक्षा देत होते तेव्हा आईला पक्षाघात झाला. जीव वाचला. काही आठवड्यांनी ती उजवा पाय ओढत घरात फिरू लागली, बोलणं जड झालं पण समजायचं. उजवा हात मात्र परत आला नाही.

बाबा त्याच वर्षी भिलाईच्या स्टील प्लांटमधून रिटायर झाले होते आणि आम्ही सेक्टरमधलं कंपनीचं क्वार्टर सोडून जवळच्याच रिसालीत राहायला आलो होतो. बाबा फिटर. स्वयंपाक त्यांनी कोणी न सांगता स्वतःकडे घेतला. ते भाजी चिरायचे ती लोखंड कापावं तशी, सावकाश आणि जाड. आई जेवताना फोडी निरखायची. एके दिवशी म्हणाली, "मले द्या. मीच चिरीन." बाबांनी तिच्या डाव्या हातात चाकू दिला. बटाटा धरायला दुसरा हात नव्हता. तो घरंगळत फ्रिजखाली गेला. आईने चाकू खाली ठेवला आणि आतल्या खोलीत जाऊन बसली. घरातली दुसरी कुठलीच गोष्ट तिने अशी मागितली नव्हती.

शेवटच्या वर्षी प्रोजेक्टचा विषय निवडायची वेळ आली तेव्हा मी हाच मांडला: एका हाताने भाजी चिरता येईल असं साधन. टीममध्ये आम्ही तिघं होतो. मी, भिलाई-३ हून येणारी माझी मैत्रीण आणि कॉम्प्युटरवर उत्तम ड्रॉइंग काढणारा एक हिंदी बोलणारा मुलगा. मैत्रिणीचं घर रेल्वेतलं, आमच्यासारखंच मूळ नागपूरकडचं, त्यामुळे आम्ही दोघी आपसात घरचीच भाषा बोलायचो. विषय माझ्या घरातला म्हणून प्रमुख मी.

आमच्या गाईड सरांचा एक नियम होता. पहिल्या बैठकीत कोणी कोणाला नाही म्हणायचं नाही. सुचेल ते प्रत्येकाने चिठ्ठीवर लिहायचं, सगळ्या चिठ्ठ्या भिंतीवर लावायच्या, आणि निवड आठवडाभराने. चिठ्ठ्या गोळा करून लावायचं काम माझ्याकडे होतं. मैत्रिणीच्या एका चिठ्ठीवर लिहिलं होतं, "खाली बसून? पावशीवर?"

विळीला आमच्याकडे पावशी म्हणतात. ती चिठ्ठी वाचून मला थोडा रागच आला. डॉक्टरांनी आईला जमिनीवर बसायला मनाई केली होती, आणि हे मैत्रिणीला माहीत नसलं तरी मला माहीत होतं. शिवाय इंजिनिअरिंगच्या प्रोजेक्टमध्ये पावशी? आई माझी होती. तिला काय जमेल ते मला कळणार नाही तर कोणाला? मी ती चिठ्ठी पुस्तकात घातली आणि उरलेल्या भिंतीवर लावल्या. तो ऑगस्ट महिना होता.

पुढचे चार-पाच महिने आम्ही चांगलं काम केलं, हे खोटं नाही. भाजी रोवून ठेवायला खिळ्यांचा पाट, त्यावर बिजागरीने वरखाली होणारं पातं, आणि ओट्यावरून सरकू नये म्हणून खाली रबर. पातं दाबायला जड जात होतं. मुलाने दांडा लांब करून पाहिला, मैत्रिणीने वर्कशॉपमध्ये बिजागरी उलटी बसवली, मी पात्याचा कोन बदलला, आणि एका दुपारी ते एका बोटाने दबलं. नेमकं कोणाच्या म्हणण्याने दबलं ते नंतर आम्हा तिघांनाही सांगता येईना. एकत्र काम करणं यालाच म्हणत असतील असं मला तेव्हा वाटलं. जानेवारीत कॉलेजात परीक्षक आले, त्यांनी तोंडभरून कौतुक केलं.

त्याच संध्याकाळी मी ते साधन घरी आणून ओट्यावर बसवलं. आई उभी राहिली. बटाटा रोवला, दांडा दाबला, फोड पडली. पुन्हा दाबला. एकसारख्या फोडी पडत होत्या. चौथ्या-पाचव्या फोडीला तिने दांडा सोडून ओट्याची कड धरली.

"किती वेळ उभी ठेवतं मले?" ती म्हणाली. मग माझा चेहरा पाहून पाहुण्यांना म्हणावं तसं म्हणाली, "चांगलं आहे."

आम्ही तिच्या डाव्या हाताचा जोर मोजला होता, मुठीचं माप घेतलं होतं. ती एका पायावर किती वेळ उभी राहू शकेल हे कोणी पाहिलं नव्हतं. भाजी चिरायला ती आयुष्यात कधी उभी राहिलीच नव्हती. क्वार्टरमध्ये ओटा होता तरी ती फरशीवर बसूनच चिरायची. मी लहानपणापासून तेच पाहत आले होते.

पुढच्या रविवारी मैत्रीण घरी आली. आईजवळ बसली आणि म्हणाली, "काकू, तुमी भाजी कशी चिरत होत्या? दाखवा न मले." आईने पावशी कुठे आहे ते सांगितलं. मैत्रिणीने आईला बाथरूममधल्या बुटक्या स्टुलावर बसवलं आणि समोर एका पाटावर पावशी मांडली. आईचा डावा पाय आपोआप पावशीवर गेला. पायाने पावशी दाबून धरली, पातं तर उभंच होतं, आणि एका हाताने वांगं त्यावर सारायचं तेवढं उरलं होतं. वांग्याचे दोन भाग झाले.

मी दारात उभी होते. मैत्रिणीला म्हणाले, तुझी ती चिठ्ठी मी लावलीच नव्हती.

"माहीत आहे मले," ती म्हणाली. "भिंतीवर शोधली होती न मी."

"मंग बोलली कावून नाही?"

"तुयी आई आहे. मनलं, तुले जास्त माहीत असन."

त्यानंतरचे दोन रविवार आम्ही चौघं बसलो: आई, बाबा, मैत्रीण आणि मी. या वेळी प्रमुख आई होती. बाबांनी सुतळीने तिच्या गुडघ्यापर्यंतची उंची मापली, मग जुन्या फळ्या जोडून, पुढे पावशी बसवलेली बैठक केली. आई बसायची आणि सांगायची. उजवा पाय घसरतो, त्याला टेका पाहिजे. पाट माझ्याकडे थोडा उतरता करा. उठताना पात्यावर झाकण पाहिजे. बाबांनी एक फळी आखूड कापली तेव्हा म्हणाली, "प्लांटात असंच काम करत होते का तुमी? म्हनूनच घरी धाडलं तुमाले." बाबा हसले. आजारपणानंतर तिने त्यांना मारलेला तो पहिला टोमणा होता.

त्या बैठकीवर आईने अकरा दिवस भाजी चिरली. बाराव्या दिवशी सकाळी दुसरा झटका आला आणि दोन दिवसांनी दवाखान्यात ती गेली.

ऑगस्ट ते जानेवारी किती दिवस होतात ते मी मोजून पाहिलं आहे. डॉक्टर म्हणाले, झटका येणारच होता. मी त्या झटक्याचा विचार करत नाही. तिला अकरा दिवस मिळाले, त्याऐवजी किती मिळाले असते याचा करते.

एप्रिलमध्ये अंतिम रिपोर्ट द्यायचा होता. वापरणाऱ्याने काय सांगितलं, असं एक प्रकरण त्यात असतं. माझं जुनं प्रकरण दीड पानाचं होतं, आणि ते मी लायब्ररीत बसून, आईशी एक शब्द न बोलता लिहिलं होतं. ते काढून टाकलं. मैत्रीण आणि मी आमच्या स्वयंपाकघरात बसून आई काय काय म्हणाली होती ते आठवून लिहू लागलो. बाबा वरणाला फोडणी देत होते. थोड्या वेळाने त्यांनी गॅस बंद केला.

"पालेभाजी जमत नोहती तिले," ते म्हणाले. "जुडी धरता येत नोहती एका हातानं. काड्या सुटून जात होत्या. मनत होती, पोरीले सांगीन, ती काहीतरी करन."

"मले नाही सांगितलं."

"सांगनार होती. तुयी परीक्षा होती न त्या हप्त्यात."

मी ते लिहून घेतलं. रिपोर्ट देऊन झाला, कॉलेज संपलं, मैत्रीण नोकरीसाठी पुण्याला गेली. मेथीची जुडी आणली की मी उजवा हात ओढणीने बांधून त्या बैठकीवर बसते. जुडी पात्यावर नेली की काड्या सुटतात. चाप लावून पाहिला, दोरीचा फास करून पाहिला. फोनवर मैत्रिणीला सांगते, ती आणखी एखादी युक्ती सुचवते, तीही करून पाहते. अजून जमलेलं नाही.