एकाच नावाचे अकरा कामगार

आमचे बाबा भिलाईच्या कारखान्यात तीस वर्षं हजेरी तपासत होते. ते निवृत्त झाले, त्यांचा संशय मात्र अजून ड्युटीवर आहे.

त्या दुपारी मी बंगळूरच्या नोकरीचा फॉर्म भरत होते. मुदत त्याच दिवशी पाचपर्यंत. चार पानं भरून मी चहा टाकायला उठले. तेवढ्यात घरचा म्हातारा कॉम्प्युटर रखडला, म्हणून बाबांनी चालू कामांची यादी उघडली. ती विद्या मीच शिकवलेली. यादीत ब्राउझरचं नाव अकरा वेळा होतं.

परत आले तर फॉर्मच्या जागी पान बंद पडल्याचा निरोप.

"बाबा! काय केलं?"

"कावून ओरडून राहिली? एकाच नावाचे अकरा माणसं! खोटी हजेरी हाय. वरचा एक ठेवला, तिघाले घरी धाडलं."

बंगळूरचं नाव काढल्यापासून बाबा माझ्याशी धड बोलत नव्हते. मुद्दाम केलं असेल, असं वाटून माझं डोकं फिरलं. दात-ओठ खातच मी समजावलं, की ब्राउझर एकटा राबत नाही. साइटगणिक वेगळा कामगार, चित्र काढायला वेगळा, नेटवरून माल आणायला वेगळा. एक आडवा झाला तरी बाकीचे चालू राहावेत म्हणून. वरचा नुसती देखरेख करतो.

"अन् मी नेमका त्यालेच ठेवला," बाबा म्हणाले. "पण एकाले काढलं त पडदा काळा झाला, अन् लगेच बदलीवाला हजर!"

"तो चित्रवाला. फॉर्मवाला पाहा आता." मी पान पुन्हा उघडलं. पान आलं, पण कोरं करकरीत.

"मागच्या पाळीनं त्याले चार्ज नाही देल्ला," बाबांनी निदान केलं. मला कीबोर्ड फेकावासा वाटला. सव्वाचार झाले होते.

बाबा खुर्ची ओढून बसले आणि सांगू लागले. माझा दहावीचा रोल नंबर, बारावीचं वर्ष, मी सोयीनं विसरलेले गणिताचे गुण, सगळं तोंडपाठ. माझा संशय मलाच लाजवू लागला.

मग कायमचा पत्ता आला. आमची मंडळी तिथे भंडाऱ्याकडचं गाव लिहितात. तिथे आता आमच्या नावाचं कुलूपही नाही. मी सवयीनं तेच टाइप करू लागले.

"ते खोड. इथला टाक, भिलाईचा."

"तुमीच त जिंदगीभर गावचा लिवला."

"मी माह्या मायबापाचं घर लिवलं. तू तुह्या मायबापाचं लिव."

पाचाला दहा कमी असताना फॉर्म गेला, आणि पहिल्यांदाच मला नोकरी मिळण्याची भीती वाटली.