पल्लवीचा उलटा ‘प’

शनिवारी सकाळी हिरामणच्या सुनेचा फोन आला. ‘‘काका, बाबा गेले...’’ एवढंच तिला बोलता आलं. मला रडू यायला हवं होतं, पण आधी मनात आलं ते भलतंच. उद्या रविवार. नऊच्या ठोक्याला त्याच्या वर्गाची पोरं येतील, त्यांना कोण सांगणार? शेवटी मीच दारात उभा राहिलो आणि एकेकाला परत पाठवलं. वरठीहून सायकलने आलेल्या दोघी बहिणी बराच वेळ पायरीवर बसून होत्या.

हिरामण आणि मी भंडाऱ्यातल्या एकाच गल्लीत वाढलो. त्याचं घर विणकरांचं. मी मराठीचा मास्तर झालो, तो वायरमन. जिल्ह्याचे दोन तुकडे झाले तेव्हा तो म्हणाला होता, ‘‘आपला जिल्हा लहान झाला, मास्तर, पण खांब तेवढेच चढा लागते!’’ निवृत्त झाल्यावर खांब सुटले, हात काही स्वस्थ बसेनात. वडिलांचा हातमाग ठेवलेल्या पुढच्या खोलीत त्याने तीन जुने कंप्युटर मांडले आणि सहावी ते आठवीच्या पोरांना दर रविवारी बोलवायला सुरुवात केली. खोलीत शिरलं की डावीकडे माग, उजवीकडे कंप्युटर आणि मधे सांडलेले स्क्रू. चप्पल बाहेर काढून आत जाणं म्हणजे तळपायाची परीक्षाच.

मला तो दर आठवड्याला बोलवायचा आणि मी दर आठवड्याला सबब सांगायचो. खरं कारण मी कोणाला सांगितलं नव्हतं. तीस वर्षं वर्गात मी एकाही प्रश्नाला अडलो नाही, असा माझा लौकिक होता. (जिथे अडलो तिथे मी विचारणाऱ्यालाच दटावत असे, ही गोष्ट वेगळी.) आता बारा वर्षांच्या पोरांपुढे फजिती करून घ्यायची?

‘‘मले कंप्युटरातलं काही येत नाही, हिरामण.’’

‘‘अबे, येत नाही म्हणूनच तर बोलावून राहिलो तुले! येणारा मी आहोच ना!’’

कधीमधी गेलोच, तरी मी कोपऱ्यात पेपर तोंडासमोर धरून बसायचो. पण ऐकायचो सगळं. कंप्युटर फक्त ‘आहे’ आणि ‘नाही’ एवढंच समजतो, हे सांगायला त्याने पोरांना मागापाशी नेलं. मागाच्या माथ्यावर किनारीची नक्षी पाडणारी डाबी असते. तिच्या पट्टीवर खुंटी असली की धागा वर उचलला जातो, नसली की खाली राहतो. ‘‘माह्या बापानं जिंदगीभर हाच प्रोग्राम लिवला,’’ तो म्हणाला, ‘‘फक्त त्याले कोणी इंजिनिअर नाही म्हटलं.’’ हे म्हणताना तो हसत होता, पण मी पेपर खाली केला.

मग ठरलं, पोरांनी कंप्युटरवर चौकटी भरून एक अक्षर काढायचं आणि त्याच्या खुंट्या लावून गमछ्याच्या काठात ते विणायचं. सातवीतल्या पल्लवीचा ‘प’ निवडला गेला. दोन रविवार खटखट चालली. मागावर ‘प’ झकास दिसत होता. गमछा उतरवला, पालटला, आणि एक पोरगा ओरडला, ‘‘सर, हा तं इंग्रजीतला पी झाला!’’

मागावर कापडाची सुलटी बाजू खाली असते, म्हणून नक्षी उलटी लावावी लागते. विणकराच्या घरातलं शेंबडं पोरही हे जाणतं. आणि हा पठ्ठ्या कंप्युटरच्या नादात तेच विसरला! पल्लवी रडकुंडीला आली. हिरामण मात्र खाली बसून पोट धरधरून हसला. ‘‘चूक तुही नाही, माही आहे. आता सांगा, काहून झाली?’’ ती चूक शोधण्यात अख्खी दुपार गेली. पुढे तो गमछा गळ्यात घालून हिरामण बाजारात, लग्नात, बँकेतसुद्धा मिरवला आणि भेटेल त्याला आपली चूक समजावून सांगत सुटला. मला त्याचा तेव्हा हेवा वाटला होता. अजूनही वाटतो.

तेरवी झाली. सुनेने खोलीची किल्ली माझ्या हातात दिली. ‘‘पोरं विचारून राहिले, काका. चालू ठेवाचं का बंद कराचं, तुम्हीच ठरवा.’’ मी ठरवलं होतं. रविवारी गेलो तो वर्ग बंद झाल्याचं सांगायलाच. पोरं आधीच येऊन बसली होती. मी घसा साफ केला, तेवढ्यात वरठीची धाकटी म्हणाली, ‘‘सर, हा माऊस कागदावर चालते, मंग काचेवर काहून नाही चालत?’’

सगळे माझ्याकडे बघत होते. दटावणं ओठांवर आलं होतं. पण तोंडून निघालं ते घरच्या बोलीत, ‘‘मले नाही माहीत, पोरी. खोलून पाहू.’’

उभ्या नोकरीत हे वाक्य मी कधी म्हणालो नव्हतो. माझे कान तापले. पोरांना मात्र त्यात काहीच विशेष वाटलं नाही. कोणी पेचकस आणला, कोणी मला बसायला जागा करून दिली. त्या खोलीत ते वाक्य त्यांनी हिरामणच्या तोंडून दर रविवारी ऐकलेलं होतं.